सावलीतलं सोयाबीन

गटातल्या सगळ्या घरांची शेतं भाग्यश्रीने बांधाबांधाने चालून मोबाईलवर काढली, त्यात एकाचंही काही चुकलं नाही. चुकलं ते नेमकं स्वतःच्या शेताचं.

काम तसं सोपं होतं. मोबाईलमधलं अ‍ॅप चालू करायचं, शेताच्या एका कोपऱ्यावर उभं राहून बोट दाबायचं आणि बांधाने चालत सुटायचं. माणूस चालेल तशी मागे निळी रेघ उमटत जाते. फेरी पुरी करून निघालो तिथे परत आलं की रेघेला रेघ मिळते आणि शेताचं चित्र तयार होतं. श्रावणातली उघडीप होती, ऊन चरचरत होतं आणि त्या उन्हात मोबाईलच्या काचेवर काही म्हणता काही दिसायचं नाही. म्हणून भाग्यश्री डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या आडोशाला मोबाईल धरून चालायची. "वैनी मोबाईलला पाजायला घेऊन निघाल्या," असं म्हणून चिंचओहळची रिकामी मंडळी पारावरून हसायची. हसोत बापडी. दिंडोरी तालुक्यातल्या त्या एवढ्याशा गावात सोयाबीनचा गट उभा राहिला आणि त्याचं काम एका सुनेच्या हातात आलं, हे अजून पुष्कळांच्या घशाखाली उतरलेलं नव्हतं.

घरच्या शेताची फेरी तिने सगळ्यात शेवटी घातली. तिचा नवरा नवनाथ मधल्या पट्ट्यात कोळपत होता. फेरी संपवून ती त्याच्याजवळ आली, तसं त्याने कपाळावरचा घाम पुसत मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं.

"हे काय गं? वढ्याकडचा कोपरा कुठं गेला?"

चित्रात शेताच्या त्या कोपऱ्याला उंदराने भाकरीची कड कुरतडावी तशी खोबण पडली होती.

"सरळ तर गेले मी."

"सरळ कुठं? मी हितून बघत व्हतो ना. वळसा घातलास. राईच्या झाडांना घालायचो तसा."

"राई कुठंय आता?"

"तेच म्हणतोय मी," नवनाथ म्हणाला आणि दोघं क्षणभर त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथे मोकळं आभाळ होतं आणि खाली गुडघ्याएवढं सोयाबीन होतं.

भाग्यश्रीने पुन्हा फेरी घातली. या खेपेला नजर पायांवरच ठेवायची असं ठरवून ती निघाली. ओढ्याचा कोपरा जवळ आला तशी मोबाईलची काच एकदम स्पष्ट झाली, बारीक अक्षरंसुद्धा दिसायला लागली. बरं झालं, ढग आला, असं वाटून तिने पदर मागे सारला आणि काचेकडे बघत चालत राहिली. कोपरा मागे पडल्यावर ऊन पुन्हा डोळ्यांत घुसलं तेव्हा तिने वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. रेघ पहिल्यासारखीच वाकडी आली होती आणि तिच्या चपला तिच्या हातात होत्या. त्या कधी काढल्या हे तिला काही केल्या आठवेना.

आता तिसरी फेरी घालायचं तिच्या जिवावर आलं. दहा गुंठ्यांनी काय फरक पडणार आहे, असं म्हणून तिने ते कुरतडलेलं चित्रच सोयाबीन घेणाऱ्या कारखान्याला पाठवून दिलं.

राई म्हणजे काही मोठं रान नव्हतं. ओढ्याच्या काठाला तीन जांभळी, दोन करंज, एक जुनाट उंबर आणि त्यांच्या बुडाशी शेंदूर फासलेले साती आसरांचे सात दगड. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, शिदोरीतला पहिला घास दगडांपुढे ठेवायचा आणि राईत नांगर घालायचा नाही, एवढंच काय ते पाळायचं असायचं. बाकी कोणी नवस केले नाहीत की जत्रा भरवली नाही. शेतात काम करणारी माणसं दुपारी तिथे टेकायची, भाकरी खायची, डुलकी काढायची. नवनाथची आई आक्काबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिची दुपार राईतच जायची. काचबिंदूने डोळे गेले तरी ती काठी टेकत जायची. वाट तिच्या पायांना पाठ होती.

तीन उन्हाळ्यांपूर्वी नवनाथने ती राई काढली. नवनाथ काही दुष्ट माणूस नाही. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा आहे. पण चारी बाजूंनी द्राक्षबागांच्या ओळी सुतात लावल्यासारख्या सरळ आणि आपल्या शेताचा तेवढा एक कोपरा वाकडा, हे त्याला खुपायचं. तिथे ट्रॅक्टर वळायचा नाही. सावलीखाली काही पिकायचं नाही. त्या उन्हाळ्यात आक्काबाई अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला नाशिकला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याच सुमाराला ओढ्याच्या कामावर जेसीबी गावात आला होता. दोन दिवसांत कोपरा साफ झाला. सात दगड तेवढे नवनाथने होते तिथेच ठेवले, भोवती घोंगडीएवढी जागा सोडली आणि बाकी सगळीकडे सोयाबीन पेरलं. लाकूड गावाने नेलं. गावातल्या कोंडाजीनानांच्या गोठ्याच्या मेढी जांभळीच्या आहेत आणि त्या वर्षी अर्ध्या गावाच्या चुली करंजावर पेटल्या.

भाग्यश्रीने नवऱ्याला अडवलं नव्हतं. एकदाच म्हणाली, "आईंना काय सांगायचं?" तो म्हणाला, "बरी झाली की सांगू." तिला ते तेव्हा पटलं होतं. आता आठवलं की स्वतःची लाज वाटायची.

आक्काबाई बरी होऊन घरी आली आणि काठी टेकत थेट शेताकडे निघाली. आज सांगायचंच असं ठरवून नवनाथ तिच्या मागोमाग गेला. तोंडात शब्द तयार होते. म्हातारीने नेमक्या जागी चपला काढल्या, हाताने दगड चाचपले आणि खाली बसून मोठा श्वास सोडला. "आता बरं वाटलं बघ," ती म्हणाली. "दवाखान्यात निसता पंख्याचा वारा. त्याला काय चव असती का?" वैशाखातलं डोकं फोडणारं ऊन होतं आणि ती त्यात तोंड वर करून हसत होती. नवनाथ तसाच माघारी फिरला. त्याने घरी येऊन सांगितलं, "नाय जमलं."

मग ते कधीच जमलं नाही. सोयाबीनची पानं लुगड्याला लागली की म्हातारी विचारायची, "खाली हे काय माजलंय?" भाग्यश्री सांगायची, "टाकळा हाय, आई. यंदा लय माजलाय." जांभळं पिकायच्या दिवसांत भाग्यश्री दिंडोरीच्या बाजारातून जांभळं आणायची आणि राईतलीच म्हणून सासूच्या ओंजळीत घालायची. गावातलं कोणी म्हातारीपुढे राईचं नाव काढायचं नाही. असं एकेक खोटं रचत तीन वर्षं गेली आणि त्या घराला त्याची सवयही झाली होती.

एका गोष्टीची सवय मात्र भाग्यश्रीला झाली नव्हती. रोज दुपारभर उन्हात बसून म्हातारी घरी यायची ती घामाचा थेंब नसलेली, हातपाय गार असलेली. ओढ्याची झुळूक लागत असेल, असं भाग्यश्री स्वतःला समजवायची. गेल्या ज्येष्ठात मात्र समजवणं अवघड झालं. जांभळं आणायला बाजारात जाणं भाग्यश्रीला अजून जमलं नव्हतं. दुपार टळल्यावर आक्काबाई घरी आली, ओट्यावर बसली आणि पाणी मागितलं. भाग्यश्रीने तांब्या दिला. म्हातारीने तोंड उघडलं तर जीभ जांभळी होती.

"यंदा लवकर पिकली गं," आक्काबाई म्हणाली. "पण आळ्या हायेत. बघून खा."

भाग्यश्रीने ही गोष्ट नवनाथला सांगितली नाही. सांगून करायचं काय होतं?

भादव्यात कारखान्याची संजना आली. ती पिंपळगावची मुलगी, शेतीचं शिकलेली, स्कूटीवरून गावोगाव हिंडायची. कारखाना गाई-कोंबड्यांचं खाद्य बनवायचा. ज्या जमिनीसाठी सन वीसनंतर एकही झाड तोडलेलं नाही अशाच जमिनीतलं सोयाबीन आमच्या जनावरांच्या पोटात जावं, असं ते खाद्य घेणाऱ्या मोठ्या लोकांचं म्हणणं होतं. कोंडाजीनाना गटाचे अध्यक्ष. पहिल्या बैठकीत ते म्हणाले होते, "कोंबडीला काय कळतंय हो, दाणा झाडाखालचा का उन्हातला?" सगळे हसले होते आणि सगळ्यांनी सह्याही केल्या होत्या, कारण कारखान्याची गाडी गावात यायची, वजन डोळ्यांसमोर व्हायचं आणि ओलाव्याच्या नावाखाली कोणी भाव कापायचा नाही. अट एकच होती. एकाच्याही शेतात झाड तोडलेलं निघालं तर अख्खा गट बाद.

"ताई, तुमच्या शेताचा नकाशा आमच्या साहेबांना खूप आवडला," संजना ओट्यावर टेकत म्हणाली. "उपग्रहाच्या जुन्या फोटोत ओढ्याजवळ झाडं दिसतात. बाकीचे लोक झाडांखालची जागासुद्धा शेतातच धरतात. तुम्ही तेवढा भाग बरोबर वगळलात. दिवाळीआधी खरेदीदार येणार आहेत, त्यांना गटातलं एक चांगलं शेत दाखवायचंय. मी तुमचं नाव दिलंय."

भाग्यश्रीने तोंड उघडलं. तेवढ्यात नवनाथ म्हणाला, "चहा टाक गं मॅडमला."

"आत्ता बघून येऊ का?" संजनाने विचारलं.

"वढ्याला पाणी हाय," नवनाथ घाईने म्हणाला. "चिखलात स्कूटी रुतल. सोंगणीला या, तवा निवांत बघा."

संजना चहा पिऊन गेली. भाग्यश्री चुलीपुढे तशीच बसून राहिली. सन वीसनंतर राई काढलेली जमीन आपलीच आणि राई राखल्याचं कौतुकही आपलंच, हे तिला गिळवेना.

त्या आठवड्यात शेवटची निंदणी होती. पेठच्या बाजूने आलेल्या बायांची टोळी लावली होती आणि त्यांची पुढारीण होती कुसाबाई. ती या गावात पहिल्यांदाच आलेली. खुरपी चालवत बायांची ओळ दुपारपर्यंत ओढ्याकडे सरकली. भाग्यश्री पाण्याची कळशी घेऊन मागून येत होती. ओळ कोपऱ्यापाशी पोचली तशी कुसाबाई थांबली, उठून उभी राहिली, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि आत गेली. मागच्या बायांनीही तसंच केलं. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. बायांनी तिथेच भाकरीची फडकी सोडली, डोक्यावरची फडकी काढून वारा घेतला आणि एकीने तर अंग टाकून दिलं.

"काय गार हाय माय हितं," कुसाबाई म्हणाली. "उन्हानं जीव चालला व्हता."

भाग्यश्री कळशी घेऊन बाहेर उभी होती. तिच्या डोक्यावर ऊन होतं. चार पावलांवर बसलेल्या बायांच्या डोक्यावरही तेच ऊन होतं. आडवं काही नव्हतं. तरी त्या डोळे न मिचकावता निवांत बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर कसलंतरी हलत होतं, पानांतून ऊन गळावं तसे ठिपके. भाग्यश्रीने डोळे चोळले. मग ठिपके दिसले नाहीत.

कुसाबाईने भाकरीचा पहिला तुकडा मोडून दगडांपुढे ठेवला आणि भोवतीच्या सोयाबीनकडे बघून मान हलवली. "बाई, झाडाखाली पेरलंस कशाला? निसतं वर वाढलंय. शेंग कशी धरल?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. बाकीच्या शेतात शेंगांचे घोस लागले होते. या कोपऱ्यात सोयाबीन उजेडाकडे मान ताणून कमरेच्या वर गेलं होतं, देठ बारीक, पानं काळपट हिरवी, शेंग नावाला. नवनाथने गेली तीन वर्षं तिथे शेणखत ओतलं होतं, माती तपासून आणली होती, बियाणं बदललं होतं. सावलीतल्या पिकासारखंच ते दरवर्षी यायचं.

"कुठलं झाड, कुसाबाई?" भाग्यश्रीने हळूच विचारलं.

कुसाबाईने वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिने हातातली भाकरी फडक्यात बांधली, बायांना उठवलं आणि बाहेर येऊन चपला उचलल्या. "आमी तेवढा कोपरा नाय निंदणार," ती म्हणाली. "हवं तर मजुरी कमी दे."

दुसऱ्या दिवशी दावं तोडून गेलेली गाय भाग्यश्री शोधत फिरली, तर ती त्याच कोपऱ्यात सापडली. भर दुपारी रवंथ करत डोळे मिटून बसली होती. एवढा हिरवागार पाला तोंडाशी असून तिने एका पानाला तोंड लावलं नव्हतं. तिच्या पलीकडे दगडांपाशी आक्काबाई बसली होती, पाय लांब करून, मागे टेकून. मागे टेकायला तिथे काही नव्हतं. म्हातारीचा कणाच ताठ असेल, असं भाग्यश्री स्वतःशी म्हणाली आणि गाय ओढून घेऊन आली. मागे वळून बघायची तिला हिंमत झाली नाही.

सोंगणी तोंडावर आली तसे कोंडाजीनाना एका संध्याकाळी घरी आले. आक्काबाई आत पडली होती, म्हणून तिघं अंगणात लांब जाऊन बसली.

"मॅडम परवा येतीय. फोटो काढणार म्हणं झाडांचे," नाना म्हणाले. "मग?"

"मग काय, सांगायचं वादळात पडली," नवनाथ म्हणाला. "वैशाखात वारं झालंच व्हतं की. पडलेलं झाड काय तोडलेलं धरत नाहीत."

"हां. मी इचारलंय," नाना म्हणाले. "आपोआप पडलं तर चालतं. सगळ्यांनी एकच सांगायचं. कोण फुटणार हाय? सगळ्यांच्या चुलीत गेलीय ती राई." मग ते भाग्यश्रीकडे वळले. "पोरी, तुझ्या हातानं हा गट उभा राहिला. आता तुझ्याच शेतापायी मोडला, तर चाळीस घरं तुलाच बोलतील. मला नाय बोलायची."

"मला ठावं हाय, नाना."

"आन् आई?" नवनाथने विचारलं.

"आक्कीला त्या दिवशी शेतात जाऊ देऊ नका, म्हंजे झालं," नाना म्हणाले आणि काठी टेकत उठले. जाताना त्यांनी आतल्या अंधाराकडे एकवार बघितलं. तरुणपणी तेही राईत आक्काबाईच्या हातची भाकरी खात बसलेले होते.

पण आक्काबाईला अडवणार कोण? ठरल्या दिवशी नवनाथने तिला सांगितलं की आज पाव्हणे येणार, घरीच थांब. ती म्हणाली, "पाव्हण्यांशी मला काय करायचंय? माझ्या आसरांचा घास राहील." भाग्यश्री संजनाच्या चहाचं बघत होती तोवर म्हातारी काठी घेऊन निघून गेली.

ऑक्टोबरातली दुपार होती. पाऊस संपून जमिनी तापल्या होत्या. शेतभर सोयाबीन वाळून खुळखुळत होतं आणि उन्हाने शेंगा तडकल्याचा बारीक आवाज येत होता. त्या सगळ्या पिवळ्या रानात ओढ्याकडचा एक कोपरा तेवढा हिरवा होता. संजना बांधावर थांबली. तिने मोबाईल डोळ्यांपुढे धरला, ओढणीचा आडोसा केला, चित्र बघितलं, मग समोर बघितलं.

"झाडं कुठंयत, ताई?"

भाग्यश्रीच्या आधी नवनाथ बोलला. "पडली ना, मॅडम. वैशाखात वारं सुटलं. मागं तुमाला सांगायचं राहून गेलं. नानांना इचारा."

"पडली," नाना म्हणाले. "लय जुनी व्हती."

"अरेरे." संजनाला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. ती पुढे चालू लागली आणि कोपऱ्याच्या कडेला येऊन तिने बूट काढले. ते तिथेच ठेवून ती आत शिरली. मोबाईलवरची ओढणी आपोआप खाली गेली. काच स्पष्ट दिसत होती, ती त्यावर भराभर बोटं चालवत होती. मग तिची बोटं थांबली. तिने आपला मोकळा तळहात पुढे करून बघितला, पालथा केला, पुन्हा उताणा केला.

"इथं इतकं गार कसं?"

"सावलीत गार नाय लागणार तर काय?" दगडांपासून आवाज आला. आक्काबाई पाय लांब करून बसली होती. "कोण गं तू?"

"मी संजना, आजी. कारखान्याची." संजना तिच्याजवळ उकिडवी बसली. "आजी, तुमची झाडं कधी पडली हो?"

"पडली? कुठली पडली?"

"ही इथली. जांभळं आणि..."

आक्काबाई हसली. तोंडात राहिलेले दोन दात दिसले. "पडायला काय झालंय? वर बघ की. तुला डोळे हायेत ना? सकाळधरनं पोपटांनी कालवा मांडलाय डोक्यावर."

संजनाने वर बघितलं. मोकळं, पांढरं पडलेलं आभाळ होतं. तिने नवनाथकडे बघितलं. नवनाथने ओशाळं हसून एक बोट आपल्या कपाळापाशी नेलं आणि गोल फिरवलं. म्हातारी खुळावलीय, असं. नानांनीही मान डोलावली. संजनाच्या तोंडावर समजल्याचं हसू आलं आणि तिने आक्काबाईच्या गुडघ्यावर थोपटलं, लहान पोराला थोपटावं तसं.

"असू दे हं, आजी. आहेत झाडं, आहेत."

आक्काबाईचं हसू गेलं. आंधळ्या माणसाला आवाजातलं फार लवकर कळतं. ती तोंड इकडे तिकडे वळवून कानोसा घेऊ लागली. "नवनाथ? काय झालं रं? ही अशी का बोलतीय माझ्याशी?"

नवनाथ दोन पावलं बांधाकडे सरला.

"सुनबाई?"

भाग्यश्री कडेला उन्हात उभी होती. तीन वर्षं बाजारातली जांभळं राईतली म्हणून चारली, सोयाबीनला टाकळा म्हटलं, ते सगळं म्हातारीचं मन राखायला, असं ती मानत आली होती. आता तिच्या देखत शहाण्या बाईला खुळी ठरवलं जात होतं आणि तसं ठरवणारा त्या बाईच्याच पोटचा पोरगा होता.

"ताई, काय लिहू?" संजना उठून उभी राहिली. "वाऱ्यानं पडली म्हणून लिहिते. तुम्ही फक्त हो म्हणा. गटाचं काम तुमच्याकडे आहे, तुमचाच शब्द लागेल."

नाना भाग्यश्रीकडे बघत होते. नवनाथ तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत तिने आजवर न पाहिलेली काकुळती होती. नुसतं हो म्हणायचं होतं. परवा गाडी आली असती, सगळ्यांची पोती भरली गेली असती, म्हातारी रोज इथे येऊन बसली असती आणि तिला कधीच काही कळलं नसतं. भाग्यश्रीने चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. पायाखालची माती ओली, गार लागली. कुठेतरी अगदी वर पानांची सळसळ झाली. ती ऐकून तिला रडू आलं, कारण आपण काय घालवणार आहोत ते तिला त्याच क्षणी कळलं.

"मॅडम, आमच्या आई खुळ्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांना कोणी सांगितलंच नाही. झाडं पडली नाहीत. आम्ही तोडली. तीन वर्षांमागं, त्या दवाखान्यात व्हत्या तवा. जेसीबीनं मुळं काढली. हितं राई नाही."

"भाग्यश्री!" नवनाथ ओरडला.

"राई नाही, आई," ती सासूकडे वळून म्हणाली. "आम्ही तोडली."

सळसळ थांबली. मग ऊन आलं. वरून कोणी झाकण काढावं तसं ते एकदम त्या कोपऱ्यावर पडलं. संजनाने डोळ्यांवर आडवा हात घेतला. तिच्या मोबाईलची काच पांढरी फट्ट झाली आणि तिला त्यात एक अक्षर दिसेना. सोयाबीनची काळपट हिरवी पानं बघता बघता माना टाकू लागली. भाग्यश्रीचे तळपाय भाजायला लागले, तरी तिने पाय उचलले नाहीत.

"गेला गट," कोंडाजीनाना कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाले आणि बांधावर मटकन खाली बसले. नवनाथ तोंड फिरवून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

आक्काबाई मागे कलंडली. तीन वर्षं ज्याला टेकत होती ते पाठीमागून गेलं होतं. भाग्यश्रीने धावत जाऊन तिला धरलं. म्हातारी हाताने चाचपत होती, दगड, माती, पुन्हा दगड, मग वर हवेत. तिच्या कपाळावर घाम फुटला होता. तिने तोंड वर केलं आणि ऊन थेट तिच्या विझलेल्या डोळ्यांवर पडलं.

"सुनबाई," ती लहान पोरासारखी म्हणाली, "हे ऊन कुठनं आलं गं?"

भाग्यश्रीने डोक्यावरचा पदर सोडवला, दोन्ही हातांनी ताणला आणि सासूच्या डोक्यावर धरून उभी राहिली.